भेंडीच्या मुळांवरील गाठी

भाताची कापणी आटोपली म्हणजे टिटवाळा, मुरबाड, शहापूर ह्या बाजूच्या खेड्यांतून, जेथे पाण्याची सोय आहे तेथे, भेंडी, वांगी, काकडी, टोमॅटो ह्यांचे वाफे दिसू लागतात. आणि तीच भाजी पुढे कल्याणच्या बाजारातून आपणां सर्वांच्या घरी येते. अशा मळ्यांत एक प्रकार वारंवार पाहावयास मिळतो. वाफ्यातील बहुतेक झाडे जोमदार असता मध्येच एखाद्या ठिकाणी दहा-वीस झाडे खुरटलेली व पिवळट दिसतात. दुपारच्या उन्हात ती माना टाकतात, संध्याकाळी सावरतात, आणि वाफ्यात पाणी असूनही दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच अवस्था. शेतकरी प्रथम पाणी वाढवून पाहतो, मग युरियाची एक मूठ अधिक टाकतो, मग पाने उलटून कीड शोधतो. ती सापडत नाही. शेवटी कंटाळून झाड उपटावे, तो मुळ्यांवर आल्याच्या कुड्यांसारख्या वेड्यावाकड्या गाठीच गाठी! डोंबिवलीत गच्चीवरील कुंडीत टोमॅटो लावणाऱ्या कित्येक गृहस्थांनीही हे दृश्य पाहिले असेल, आणि ती काहीतरी मुळाची भरभराट आहे असे समजून समाधान मानले असेल.

तसे समजण्यास एक कारणही आहे. वाल, चवळी, हरभरा, भुईमूग ह्या शेंगावर्गीय पिकांच्या मुळांवर गाठी असतात व त्यांतील जंतू हवेतील नायट्रोजन धरून झाडास देतात, हे आमच्या विद्यार्थ्यांस पाठ्यपुस्तकावरून ठाऊक आहे. परंतु त्या गाठी आणि ह्या गाठी एक नव्हेत. वालाच्या मुळावरील उपकारक गाठ मण्यासारखी बाजूस चिकटलेली असते. बोटाने ढकलली की सुटून येते, आणि चिरून पाहिली तर आत गुलाबी दिसते. भेंडीच्या मुळावरील गाठ सुटत नाही. कारण ती मुळास लागलेली नसून, मूळच सुजून तशी झालेले असते. शिवाय भेंडी, वांगे, टोमॅटो ही शेंगावर्गीय झाडे नव्हेत, तेव्हा त्यांच्या मुळांवर हितकारक गाठी असण्याचे कारणच नाही. एवढा एक भेद ज्यास कळला त्याचा युरियाचा पुष्कळ खर्च वाचेल.

ह्या गाठींच्या मुळाशी एक अतिसूक्ष्म कृमी आहे. शास्त्रीय भाषेत त्यास सूत्रकृमी म्हणतात. सोलापूर-नाशिककडील डाळिंबाचे बागाईतदार सरळ ‘निमॅटोड’ म्हणतात, आणि त्यांच्याकडे ह्या शब्दाची धास्ती मोठी आहे. वनस्पतींच्या अंगी राहणारा सूत्रकृमी प्रथम १७४३ साली इंग्लंडात नीडहॅम नावाच्या एका कॅथॉलिक धर्मगुरूने पाहिला. गव्हाचा एक विकृत दाणा फोडून त्यातील तंतूंवर त्याने पाण्याचा थेंब सोडला, तो ते तंतू हालचाल करू लागले. पुढे १८५५ साली रेव्हरंड बर्कली ह्या दुसऱ्या एका धर्मोपदेशकाने काकडीच्या मुळांवरील गाठींत अशाच कृमींचा शोध लावला. आपल्या देशात बार्बर ह्यांनी १९०१ साली दक्षिणेतील चहाच्या एका मळ्यात ह्या गाठींची नोंद केली. धर्मसेवा करणाऱ्या माणसांनी सूक्ष्मदर्शकाखाली कृमी न्याहाळीत बसावे ह्याचे काही वाचकांस नवल वाटेल. आम्हांस वाटत नाही.

गाठी करणाऱ्या सूत्रकृमीचे चरित्र असे. अंड्यातून निघालेले पिल्लू लांबीने मिलिमीटरच्या चार-दशांशाइतके, म्हणजे नुसत्या डोळ्यांस दिसणे जवळजवळ अशक्य. मातीच्या कणांमधील पाण्याच्या पातळ थरातून ते सरपटते आणि मुळातून पाझरणाऱ्या द्रव्यांच्या मागावर राहून मुळाच्या टोकाजवळ पोहोचते. तोंडात पोकळ सुईसारखा एक अवयव असतो. त्याने वाट करून ते आत शिरते, पेशींच्या मधून मधून प्रथम टोकाकडे उतरते, तेथून वळते, आणि मुळाच्या गाभ्यात, जेथून जलवाहिन्या व रसवाहिन्या जातात तेथे, येऊन थांबते. तेथील पाच-सात पेशी ते निवडते व त्यांत सुई खुपसून आपल्या ग्रंथींतील रस सोडते. त्या पेशींचे केंद्रक विभागत राहतात, परंतु पेशी काही विभागत नाही. असे होता होता एकेका पेशीत अनेक केंद्रके साठून ती प्रचंड फुगते. ह्यांस आपण महापेशी म्हणू. झाडाने पानांत तयार केलेले अन्न ह्या महापेशींकडे ओढले जाते आणि कृमी ते पितो. मादी एकदा स्थिर झाली की पुन्हा हलत नाही. ती पेरूच्या आकाराची फुगते आणि चिकट द्रव्याच्या पुंजक्यात दोनशे ते पाचशे अंडी घालते. आपल्याकडील उष्ण हवेत हे सारे चक्र सुमारे महिन्याभरात पुरे होते. एका हंगामात किती पिढ्या होतील ह्याचे गणित आमच्या विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावे.

आता मुख्य प्रश्न असा की, ही गाठ बांधते कोण? कृमी इतका लहान आणि गाठ इतकी मोठी! उत्तर चमत्कारिक आहे. गाठ झाडच बांधते. महापेशी झाडाची, तिच्याभोवती वाढलेल्या शेकडो पेशी झाडाच्या, त्यांस लागणारे अन्नही झाडाचेच. कृमी गवंडीकाम करीत नाही. तो केवळ हुकूम बदलतो. हे समजण्यास झाडाच्या शरीरात हुकूम कसे चालतात ते पाहिले पाहिजे.

झाडास मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत. तथापि शेंड्याची वार्ता मुळास व मुळाची शेंड्यास कळते, ती अत्यल्प प्रमाणात तयार होणाऱ्या काही रासायनिक द्रव्यांच्या द्वारे. ह्यांस संप्रेरके म्हणतात. चार्ल्स डार्विन व त्यांचे पुत्र फ्रान्सिस ह्यांनी १८८० साली दाखविले की, गवताच्या कोंबाचे टोक प्रकाश ओळखते पण वाकतो तो त्याखालचा भाग. म्हणजे काहीतरी संदेश वरून खाली जात असला पाहिजे. हॉलंडात युट्रेक्ट येथे फ्रिट्स व्हेंट ह्यांनी १९२६ च्या सुमारास तो संदेश चक्क अगरच्या चौकोनी तुकड्यात पकडला. हेच ऑक्सिन. गुलाबाची फांदी लावताना रोपवाटिकेत तिच्या टोकास जी मुळे फुटण्याची भुकटी लावतात, तीत ऑक्सिनाच्या जातीचेच द्रव्य असते. ऑक्सिन शेंड्यांत व कोवळ्या पानांत तयार होऊन खाली उतरते. मुळात ज्या जागी ते साठते तेथे नवे उपमूळ फुटते. आणखी दोन संप्रेरकांची नावे वाढीच्या बाजूस घेतली पाहिजेत : पेशीविभाजनास चालना देणारे सायटोकायनिन, आणि उंची वाढविणारे जिबरेलिन. ह्यांपैकी दुसऱ्याचा शोध १९२६ साली कुरोसावा ह्या जपानी शास्त्रज्ञास भाताच्या एका रोगावरून लागला. आज नाशिकचे द्राक्षबागाईतदार ‘जीए’ म्हणून घडांवर फवारतात ते हेच.

वाढीचे हुकूम देणारी जशी संप्रेरके आहेत तशी संरक्षणाचीही आहेत. पान कुरतडले किंवा मूळ फाटले की जास्मोनेट नावाचे द्रव्य वाढते. १९६२ साली ते प्रथम चमेलीच्या सुवासिक तेलात सापडले, म्हणून हे नाव. दुसरे सॅलिसिलिक आम्ल. ते वाळुंजाच्या कुळातील झाडांच्या सालीशी निगडित असून ॲस्पिरिनच्या गोळीचे सख्खे भावंड होय. १९७९ साली इंग्लंडात तंबाखूच्या पानांस ॲस्पिरिन टोचले असता ती विषाणुजन्य रोगास अधिक दाद देईनाशी झाली असे आढळले. तिसरे इथिलीन, हा तर वायू. आंब्याच्या आढीत फळे पिकतात ती ह्याच्यामुळे. परंतु जखमेची वर्दी देण्याचे कामही ते करते.

येथपर्यंत हिशेब सोपा दिसतो : एका बाजूस वाढ, दुसऱ्या बाजूस बंदोबस्त. मग झाड दोन्ही एकदम पुरेपूर का करीत नाही? कारण खजिना एक आहे. पानांनी दिवसभरात जेवढी साखर केली तेवढ्यातच नवे मूळही करावयाचे व विषारी द्रव्ये, जाड पेशीभित्ती हा लष्करी खर्चही भागवावयाचा. कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यावर पहाऱ्यास उभा असलेला माणूस त्याच वेळी खाडीकाठच्या खाचरात भात लावू शकत नाही, तसेच हे. आणि झाडाने ही विभागणी केवळ उपासमारीवर सोडलेली नाही. संरक्षणाचा हुकूम स्वतःच वाढीस लगाम घालतो. जास्मोनेट मिसळलेल्या खाद्यावर रोपे वाढविली तर त्यांची मुळे आखूड राहतात. ज्या रोपांत जन्मतः हा हुकूम वाचण्याची शक्तीच नसते त्यांची मुळे मात्र खुशाल वाढत जातात; शास्त्रज्ञांनी अशी रोपे हुडकून काढली ती ह्याच खुणेवरून. परंतु तीच रोपे किडीच्या तोंडी सर्वांआधी पडतात. उलट दिशेनेही तोच न्याय लागू आहे. जिबरेलिनाचा जोर असला की जास्मोनेटाची आज्ञा मंद पडते.

भातावर हे नेमके पाहिले गेले आहे. भाताच्या मुळांवर गाठी करणारी सूत्रकृमीची एक वेगळी जात आहे. बेल्जममधील गेंट विद्यापीठातील संशोधकांनी २०११ साली दाखविले की, भाताच्या केवळ पानांवर जास्मोनेट किंवा इथिलीन देणारे द्रव्य फवारले तरी जमिनीतील मुळांवरच्या गाठी पुष्कळ कमी होतात. म्हणजे वर पोहोचलेला धोक्याचा निरोप खाली मुळापर्यंत जातो. त्यांस असेही आढळले की, जास्मोनेटाची वाट बंद केली तर इथिलीनचा उपयोग होत नाही. पहारेकऱ्यांचा नाईक जास्मोनेटच. पुढे २०१८ साली त्याच ठिकाणच्या मंडळींनी जिबरेलिन हे ह्या संरक्षणाच्या आड येते असे सिद्ध केले.

आता कृमीची लबाडी पाहा. नारायणराव पेशव्यांच्या वधाच्या प्रसंगी, १७७३ साली, ‘ध’चा ‘मा’ झाल्याची आख्यायिका आपणां सर्वांस परिचित आहे. चिठ्ठी त्याच दरबारची, अंमलबजावणी करणारे गारदी चाकरीतलेच, केवळ एक अक्षर बदलले. सूत्रकृमीचा व्यवहार अगदी असाच आहे. त्याने निवडलेल्या जागी पहिल्या दिवसापासूनच ऑक्सिन साठू लागते. काही त्याच्या रसातूनच येते. परंतु त्याहून चतुराईची गोष्ट अशी की, ऑक्सिन एका पेशीतून दुसरीत नेणारी जी द्वारे पेशींच्या भिंतींत असतात त्यांची मांडणीच तेथे बदलते. आत आणणारी द्वारे वाढतात, बाहेर सोडणारी कमी होतात अगर बाजू बदलतात. बीटच्या मुळांवरील एका सूत्रकृमीचे एक प्रथिन तर आत आणणाऱ्या द्वारास स्वतः जाऊन चिकटते. त्याच कृमीला सायटोकायनिनही स्वतः तयार करता येते. आणि वाढीचे हुकूम असे वाढवीत असतानाच दुसरे काही रस संरक्षणाचा आवाज दाबतात. सॅलिसिलिक आम्ल ज्या कच्च्या मालापासून होते तो माल दुसरीकडे वळविण्याजोगे द्रव्यही कृमीच्या ग्रंथींत असते. मूळ बिचारे समजते की येथे उपमूळ फोडावयाचा हुकूम आहे. प्रत्यक्षात ते शत्रूसाठी कोठार बांधीत असते.

ह्यावरून वाचकांस वाटेल की, तर मग झाडाने सदैव संरक्षण चढे ठेवावे हे बरे. आमच्या मते ह्या विषयातील सर्वांत चुकीची समजूत हीच. ज्या झाडाने पहिल्याच चाहुलीस मुळाची वाढ थांबविली, त्याच्या मुळावर गाठी थोड्या होतील खऱ्या, पण जमिनीतील पाणी व क्षार त्यास कोण आणून देणार? भेंडीचे झाड दुपारी मान टाकते ते कृमीने विष घातले म्हणून नव्हे. गाठीमुळे जलवाहिन्या वेड्यावाकड्या होऊन पाणी वर चढत नाही म्हणून. अशा वेळी त्यास हवे असते ते नवे, निरोगी मूळ. आणि येथेच गेल्या काही वर्षांतील एक फार सुंदर शोध उपयोगी पडतो. हॉलंडातील वाखेनिंगेन येथील संशोधकांनी मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिस नावाच्या लहानशा रोपावर, बीटच्या त्या सूत्रकृमीचा प्रादुर्भाव करून, प्रयोग केले. कृमी आत शिरताना मूळ फाटते, तेव्हा जास्मोनेट वाढते, हे वर आलेच आहे. पण त्यांनी पाहिले की, तेच जास्मोनेट जखमेच्या जागी ऑक्सिन तयार करवते आणि तेथून नवी उपमुळे फुटतात. मुख्य मुळाची खुंटलेली लांबी ही उपमुळे काही अंशी भरून काढतात. म्हणजे जो निरोप ‘पहारा वाढवा’ असे सांगतो, तोच त्याच क्षणी ‘पडलेल्या बाजूस नवी वाट काढा’ असेही सांगतो. वाढ व संरक्षण हे दोन वैरी पक्ष नसून एकाच कारभाऱ्याच्या दोन वह्या आहेत, आणि झाडाचे जगणे-मरणे कोणत्या वहीत कोणत्या घटकेस किती मांडावे ह्यावर ठरते.

म्हणूनच कृषिशास्त्रज्ञ आता दोन गुण वेगळे मोजतात. एक प्रतिकार, म्हणजे कृमीस वाढू न देणे. दुसरा सोशिकता, म्हणजे कृमी असतानाही पीक देणे. प्रतिकाराचे प्रसिद्ध उदाहरण टोमॅटोचे आहे. पेरू देशाकडील एका रानटी टोमॅटोतून ‘एमआय’ नावाचा एक जनुक १९४० नंतरच्या काही वर्षांत लागवडीच्या टोमॅटोत आणला गेला. कृमीने सुई खुपसताच त्या जागच्या पेशी स्वतःच मरतात आणि कृमी उपाशी राहतो. ह्या आत्मत्यागास सॅलिसिलिक आम्ल लागते. जगात अनेक ठिकाणी ह्या वाणांवर शेतकरी निर्धास्त असतात. परंतु जमिनीचे तापमान २८ अंश सेल्सिअसच्या वर गेले की हा पहारा ढिला पडतो. मार्च-एप्रिलमधील कल्याणची माती आठवा! थंड देशातील बियाण्याच्या पाकिटावर ‘सूत्रकृमीरोधक’ असे छापलेले पाहून उन्हाळी टोमॅटो लावणाऱ्याने हे जरूर ध्यानात ठेवावे. अतिशय प्रखर ऊन हेही झाडास एक संकटच, आणि एका खजिन्यातून दोन लढाया चालवाव्या लागल्या की एक हरतेच.

तर मग करावे काय? जमिनीतील कृमींची संख्या मुळाच्या सोशिकतेच्या आत राखावी, एवढेच बहुधा साधते. ह्या बाबतीत आपल्या ठाणे जिल्ह्यातील वडीलधाऱ्यांच्या काही रीती विचार करण्याजोग्या आहेत. भाताच्या रोपांसाठी राब भाजण्याची चाल कोकणात जुनी. गुजरातेत तंबाखूच्या रोपवाटिकांत अशाच राबाने गाठींचा उपद्रव कमी होतो हे पाहिले गेले आहे, कारण वरच्या थरातील अंडी व पिल्ले उष्णतेने मरतात. पालापाचोळा जाळणे आज कोणी सुचवणार नाही, आणि ते योग्यच आहे; पण ओल्या वाफ्यावर एप्रिल-मे महिन्यांत पारदर्शक प्लास्टिकचा कागद चार-सहा आठवडे घट्ट पसरून ठेवला तर आपले ऊन तेच काम धुराशिवाय करते. पावसाळ्यात चिखलणी करून पाणी साठविलेल्या खाचरात भेंडीवरील सूत्रकृमी फार तगत नाही. म्हणून भातानंतर भेंडी ही फेरपालट चांगली, आणि भेंडीनंतर वांगी, वांग्यानंतर टोमॅटो ही वाईट. मात्र भाताच्या स्वतःच्या सूत्रकृमीस ह्या पाण्याचे भय नाही. दसऱ्यासाठी झेंडू लावणारे तर नकळत उत्तम औषध लावीत असतात. झेंडूच्या मुळांत सूत्रकृमीस मारक द्रव्य असते. फुले शेतात टाकून हे साधत नाही, झाड दोन-तीन महिने जिवंत मुळांनिशी त्या जागी उभे राहिले पाहिजे. निंबोळी पेंड व चांगले कुजलेले शेणखत ह्यांचा दुहेरी लाभ आहे : कृमीस त्रास आणि मुळास खुराक.

कुंडीवाल्यांसाठी एकच सूचना. गाठी निघालेल्या कुंडीतील माती दुसऱ्या कुंडीत ओतू नये, आणि रोपवाटिकेतून वांग्या-टोमॅटोचे रोप घेताना एखादे उलटून त्याची मुळे पाहून घ्यावीत. विकणारा रागावला तरी चालेल. शेतात हंगाम संपला की पुष्कळ लोक भेंडीची झाडे जमिनीलगत कापून सरपणास नेतात व मुळे तशीच मातीत राहू देतात. त्या मुळांच्या गाठींवर अंड्यांचे पुंजके शाबूत असतात, आणि पुढील रोपाच्या कोवळ्या मुळातून पाझर सुरू झाला की त्यांतील पिल्ले त्याच्या रोखाने निघतात. म्हणून झाड मुळांसकट उपटावे, मुळे दोन-चार दिवस कडक उन्हात वाळवावीत, आणि ती खताच्या खड्ड्यात न टाकता चुलीत घालावीत.